खाडीतलं गवत आणि अम्मी

इद्दत संपली आणि अम्मी घरात ठरेनाशी झाली.

अब्बा गेल्यावर इद्दतीच्या रीतीप्रमाणे चार महिन्यांहून जास्त ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. आतल्या खोलीत बसून तिने तसबीहची माळ ओढली, भाजी निवडली, भेटायला येणाऱ्या बायकांशी हळू आवाजात बोलली. आम्हाला वाटलं होतं, हे दिवस सरले की ती पहिल्यासारखी होईल. पण ते सरले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ती चप्पल घालून बाहेर पडली, ती दुपारी परतली. कुठे गेली होतीस विचारलं तर म्हणाली, "इथंच." मग ते रोजचंच झालं. कधी इतवाऱ्याच्या गल्ल्यांतून चालत गोदावरीच्या घाटावर जायची, कधी सिटी बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जायची आणि त्याच बसने परत यायची. घरात असली तरी पलंगावरून उठून ओट्याशी, ओट्यापासून दारात, दारातून पुन्हा पलंगावर. चहा कपात ओतून ठेवायची आणि प्यायचा विसरायची.

मी लग्न केलं नाही. नांदेडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि धाकटा भाऊ, त्याची बायको आणि अम्मी यांच्याबरोबर जुन्या घरात राहते. अब्बांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं, ते आता भाऊ चालवतो. आमच्या घरात दखनी बोलतात, पण अम्मी देवणीजवळच्या खेड्यात वाढलेली आहे. रागात आली किंवा लाडात आली की ती मराठीत शिरते. त्या दिवसांत ती बहुतेक मराठीतच बोलत होती.

एकदा प्रॅक्टिकल चालू असताना तिच्या मोबाइलवरून फोन आला. आवाज अनोळखी माणसाचा. रेल्वे स्टेशनवरचा चहावाला होता.

"मॅडम, या मावशी सकाळपासून बाकावर बसून हायत. गाडीत चढंनात. कुणाला आणायला आल्या म्हणावं तर तसंबी दिसंना. म्हणून फोन लावला."

मी मुलांना स्लाइडी आवरायला सांगून रिक्षाने स्टेशन गाठलं. अम्मी बुरख्यावर शाल घेऊन फलाटाच्या बाकावर बसली होती. समोर इंजिन उभं होतं, धडधडत, कुठे न जाता.

"अम्मी, कुठं चाललीस?"

"कुठं न्हाई."

"मग इथं काय करून राहिलीस?"

"बसून राहिले."

संध्याकाळी भाऊ चिडला. "आपा, तू कॉलेजात, मी दुकानात. तिच्यामागं कोण फिरून राहील? एखाद्या दिवशी गाडीखाली येईल, नाहीतर गाडीत बसून कुठंतरी निघून जाईल." दुसऱ्या दिवशी त्याने फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ली बायकोकडे दिली. फाटकाच्या गजांना धरून अम्मी गल्लीकडे बघत उभी राहायची. मला ते बघवत नव्हतं आणि कुलूप काढ म्हणायचीही हिंमत होत नव्हती, कारण भावाची भीती खोटी नव्हती.

त्याच सुमारास आमच्या विभागाची सहल ठरली. दर वर्षी आम्ही एमएस्सीच्या मुलांना समुद्रकिनारी नेतो, शैवालं दाखवायला. आमच्या प्रयोगशाळेत एका कपाटात समुद्री शैवालांच्या बाटल्या आहेत. फॉर्मॅलिनमध्ये वर्षानुवर्षं राहून सगळ्यांचा रंग एकच झालाय, ओल्या गोणपाटासारखा. मी मुलांना सांगते की हे हिरवं, हे तपकिरी, हे लाल. मुलं बाटलीकडे बघतात, माझ्याकडे बघतात आणि लिहून घेतात. मराठवाड्यातल्या मुलांना समुद्री वनस्पती शिकवताना बाटलीवर विश्वास ठेवायला सांगावं लागतं. म्हणून ती सहल मला फार गरजेची वाटते. शिवाय मी स्वतः तिची वर्षभर वाट बघत असते.

त्या वाट बघण्याचं कारण वेगळं होतं. अनेक वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणाच्या निमित्ताने मी कोकणातल्या एका खाडीत पहिल्यांदा समुद्रगवत पाहिलं होतं. ते शैवाल नव्हे. शैवालाला खरं मूळ नसतं, फूल नसतं. समुद्रगवताला मूळ असतं, खोड असतं, पान असतं, आणि ते खाऱ्या पाण्यात फुलतं. त्याचे परागकण वाऱ्यावर नाही, पाण्यावर जातात. कोण्या काळी जमिनीवर असलेली ही वनस्पती पुन्हा समुद्रात जाऊन राहिली. ते वाचलेलं मला ठाऊक होतं, पण चिखलात गुडघे टेकून त्याची नखाएवढी पानं पाहिली तेव्हा मला घरी परतावंसं वाटेना. त्यावर संशोधन करायचं मी ठरवलं. विषय नोंदवायच्या आधीच अब्बांची फुप्फुसं बिघडली आणि ते राहून गेलं. पण ते मनातून गेलं नाही. वर्गात शिकवतानाही खाडी आठवली की पाय हलायला लागायचे. मुलांना ते टेबलाखाली दिसायचं आणि ती हसायची.

या वर्षीची सहल निराळी होती. आम्ही मालवणच्या बाजूला जिथे जाणार होतो तो किनाऱ्याचा पट्टा संरक्षित आहे. तिथून शैवालाचा तुकडासुद्धा तोडून आणायचा नाही. पण एक संशोधक बाई तिथे समुद्रगवताची मोजणी करत होत्या. रीतसर परवानगी त्यांच्याकडे होती. त्यांनी कळवलं, मोजायला हात हवेत, मुलांना घेऊन या. मी लगेच हो म्हटलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी बॅग भरत होते. अम्मी दारात येऊन उभी राहिली.

"समुद्र लई मोठा आसतो का गं?"

"हो."

"म्या न्हाई बघितला."

मी बॅगेत तिचे दोन जोड कपडे टाकले. भाऊ रात्री जेवताना ओरडला, "वेड लागलंय का आपा तुला? इथं गल्लीत सांभाळणं होईना, तिथं समुद्रावर कशी सांभाळशील?" मी म्हटलं, माझ्याबरोबरच राहील, माझ्या नजरेसमोर. हे बोलताना मला स्वतःचाच भरवसा वाटत नव्हता.

प्रवासात तिने सगळ्यांना हैराण केलं. बसमध्ये आधी माझ्याशेजारी बसली, मग मागे गेली, मग ड्रायव्हरच्या केबिनमध्ये. मुलं तिला अम्मीच म्हणायला लागली. जळकोटकडची एक मुलगी होती, जिला बस लागायची. अम्मी तिला लिंबू हुंगायला देऊन तिच्याजवळ जरा वेळ बसली, आणि मुलीला झोप लागताच पुन्हा उठली. लातूरला चहासाठी थांबलो तर म्हणाली, "मला इथंच उतरव. म्या देवणीला जाते माझ्या भावाकडं." मी म्हटलं, समुद्र बघायचाय ना? ती थोडा वेळ उभी राहिली आणि परत बसमध्ये चढली. कोल्हापूर सोडून घाट लागेपर्यंत तिने तीनदा जागा बदलली. मीही खिडकीबाहेर नीट बघत नव्हते. बस लवकर पोचावी असंही वाटत होतं आणि पोचल्यावर काय होईल याचीही धास्ती होती.

पहिल्या दिवशी ओहोटीला आम्ही खडकाळ किनाऱ्यावर गेलो. मुलं डबक्यांवर वाकली. खडकांतल्या डबक्यांत उल्वाची हिरवी, पातळ पानं हलत होती, पंख्याच्या आकाराची पडिना होती, लाल शैवालांचे झुबके होते, आणि खडकाच्या कडेला सारगॅसमची तपकिरी झुडपं पाण्याबरोबर आत-बाहेर होत होती. माझ्या बाटल्यांतला गोणपाटाचा रंग कुठेच नव्हता. मी सांगत होते आणि सांगताना सवयीने हात पुढे जात होता; तोडून तळव्यावर ठेवून दाखवायची सवय. दर वेळी हात मागे घ्यावा लागत होता. वनविभागाची एक तरुण वनरक्षक आमच्याबरोबर होती. ती नुसती माझ्या हाताकडे बघायची.

अम्मी खडकांवरून चप्पल हातात घेऊन इकडून तिकडे फिरत होती. तिला सारगॅसमची फांदी सापडली. त्याला वाटाण्याएवढे हवेचे फुगे असतात, त्यांच्यावर ते पाण्यात उभं राहतं. तिने एक फुगा दोन बोटांत दाबला, तो फट्कन फुटला. तिला गंमत वाटली. तिने आणखी फोडले. वनरक्षक धावत आली.

"आजी, तोडायचं नाही इथे! ठेवा ते खाली."

अम्मीचा चेहरा उतरला. मग चढला. "गवत तर हाय. कुणाच्या शेतातलं घेतलं का म्या?"

"शेतातलं घेतलं असतं तर एका शेतकऱ्याचं गेलं असतं," वनरक्षक शांतपणे म्हणाली. "यात मासे अंडी घालतात, आजी."

अम्मीने फांदी पाण्यात टाकली आणि तरातरा वाळूकडे निघाली. मी मागे धावले. मुलांसमोर, त्या वनरक्षक मुलीसमोर माझी मान खाली गेली होती, आणि दिवसभराचा ताण होता. मी बोलून गेले, "अम्मी, एका जागी बस ना गं जरा! किती नाचवशील?"

ती थांबली. वळून माझ्याकडे बघत म्हणाली, "बसलेच की एका जागी. दोन वर्षं तुझ्या अब्बाच्या उशाशी बसले. मग इद्दतीत बसले. आता फाटकात कुलूप घालून बसवलाव. आनी कुठं कुठं बसू?"

ती वाळूवर गेली आणि काठाकाठाने चालत राहिली. मी खडकावर परतले आणि मुलांना लाल शैवालाचं जीवनचक्र सांगू लागले, पण माझं अर्धं लक्ष त्या दूरच्या काळ्या ठिपक्यात होतं, जो कधी मोठा व्हायचा, कधी लहान.

दुसऱ्या दिवशी खाडीवर जायचं होतं. सूर्य उगवल्यावर थोड्याच वेळात पूर्ण ओहोटी होती. खाडीच्या मुखाजवळ कांदळवनाच्या पुढे चिखलाचं सपाट मैदान उघडं पडलं होतं आणि त्यावर, नीट बघितल्याशिवाय दिसणार नाही असं, समुद्रगवत पसरलेलं होतं. नखाएवढी, लांबट पानं, चार-पाच एकत्र, चिखलाला चिकटून. मुलांपैकी एकाला ते शेवाळ वाटलं. मी त्याला चिखलात बसवलं आणि दाखवलं: ही शीर, हे आडवं खोड, इथून मूळ खाली. तोडलं नाही, नुसती चिखलाची बोटभर साय बाजूला केली आणि पुन्हा झाकली.

संशोधक बाईंनी काम समजावलं. काठापासून चिखलावर दोरी ताणायची. दोरीवर ठरावीक अंतराने प्लास्टिकच्या पाइपची चौकट ठेवायची. चौकटीत किती भाग गवताने व्यापलाय ते बघायचं, फोटो काढायचा, पुढे सरकायचं. पाणी परत यायच्या आत सगळ्या ओळी उरकायच्या.

अम्मी जवळ आली. "मला काय काम हाय का?"

मी नाही म्हणणार होते. बाईंनी तिला दोरीचं काठाकडचं टोक दिलं. "अम्मी, हे घट्ट धरायचं. ढिलं पडलं की आमची ओळ वाकडी होते."

अम्मीने दोरी मनगटाला वेढली आणि उभी राहिली. कितीतरी महिन्यांनी मी तिला एका जागी उभं बघितलं.

मग मी कामात शिरले. ते कसं सांगू? चौकट ठेवायची, वाकायचं, बघायचं, जळकोटच्या मुलीला आकडा सांगायचा, पुढची चौकट. चिखल पोटऱ्यांपर्यंत यायचा. प्रत्येक चौकटीत आधी काहीच नाही असं वाटायचं आणि मग पानं दिसायला लागायची, एक, मग दहा, मग सगळीकडे. पानांवर इवले शंख चढत होते. इतकी वर्षं मनात धरून ठेवलेली गोष्ट माझ्या हाताखाली होती आणि तरी मला घाई सुटली होती, ही चौकट संपावी आणि पुढची यावी म्हणून. फूल दिसेल का, हा विचार एकसारखा होता. ते नाही दिसलं. दोरी ताठ आहे एवढं मी अधूनमधून बोटाने तपासत होते.

एकदा बोट लावलं तर दोरी चिखलात लोळत होती.

मी मागे बघितलं. काठावर कोणी नव्हतं. अम्मीने जाताना दोरीचं टोक कांदळाच्या एका फांदीला गाठ मारून बांधलं होतं. गाठ सुटली होती.

"अम्मी!" मी ओरडले. मुलंही ओरडायला लागली. कांदळवनात नव्हती, बसपाशी नव्हती. मग जळकोटच्या मुलीने खाडीच्या मुखाकडे बोट केलं. चिखलाच्या मैदानापलीकडे एक उथळ चर होता आणि चराच्या पलीकडे वाळूची लांबट पट्टी. तिथून पुढे लाटा फुटत होत्या. त्या पट्टीच्या टोकाला अम्मी समुद्राकडे तोंड करून उभी होती. ती गेली तेव्हा चरात घोट्याएवढं पाणी असणार. आता भरती लागली होती आणि चर भरत होता.

मी धावले. चिखलात धावता येत नाही, पाय उपसत जावं लागतं. संशोधक बाई मागून ओरडत होत्या, "थांबा, होडी बोलावते!" मी थांबले नाही. चरात उतरले तेव्हा पाणी मांडीपर्यंत होतं, मधोमध कमरेवर आलं. पाण्याला ओढ होती. मी गोदावरीच्या गावची आहे, पण मला पोहता येत नाही. पाय टेकत, तिरकी होत पलीकडे गेले आणि वाळूवर हातांवर पडले.

"अम्मी!"

तिला ऐकू गेलं नाही. लाटांचा आवाज मोठा होता. मी जाऊन तिचा दंड धरला. ती दचकली, मग माझ्या भिजलेल्या कपड्यांकडे बघितलं, मग चराकडे. तेव्हा तिला कळलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"पानी न्हवतं," ती म्हणाली. "मी आले तवा पानी न्हवतं."

"चल, लवकर." पण परत चरापाशी येईतो पाणी आणखी चढलं होतं. आता तिला घेऊन उतरायची माझी छाती झाली नाही. पलीकडून एका होडीवाल्याचा आवाज आला, "थंयच रवा! हलू नका!" तो लांब होता, होडी सोडून, इंजिन चालू करून यायला वेळ लागणार होता. पट्टी दोन्ही बाजूंनी आखूड होत होती. आम्ही तिच्या सगळ्यात उंच भागावर जाऊन उभ्या राहिलो. मी तिचं मनगट धरलं होतं.

"का आलीस इकडं?" मी विचारलं. मला ओरडायचं होतं, पण ओरडणं झालं नाही.

तिने लाटांकडे हात केला. मग म्हणाली, "आवाज येऊन राहिला व्हता इथून. त्याच्यामागं आले."

"कसला आवाज? लाटांचा?"

"घरात लई शांत वाटतं गं. दोन वर्षं ते अब्बाचं ऑक्सिजनचं मशीन चालू व्हतं. दिवसा, रातच्याला. मी झोपेतबी त्येच ऐकायची. जरा आवाज बदलला की उठायची, बघायची. त्ये भाड्याचं मशीन उचलून नेलं आनी घर मुकं झालं. तवापासून मी पडले की कान लागतात. वाटतं, मशीन बंद पडलं, उठावं. उठते. खोलीत कुनी न्हाई." तिने शाल सारखी केली. "स्टेशनावर इंजिन आसतं. बसमध्ये आवाज आसतो. तितं माझ्या जिवाला बरं वाटतं. तुम्हाला काय सांगू? पोरं म्हनतील बुढी येडी झाली."

मी तिचं मनगट सोडलं नाही. आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं होतं, झोपेच्या गोळ्या आणल्या होत्या, मौलवीसाहेबांना विचारलं होतं, फाटकाला कुलूप घातलं होतं. तिला कोणीच विचारलं नव्हतं. मीही विचारलं होतं ते "कुठं चाललीस" एवढंच.

पाणी आमच्या पावलांवर आलं, मग घोट्यावर. अम्मी मोठ्याने कलमा म्हणायला लागली. तेवढ्यात होडी चरातून फिरून बाजूला आली. होडीवाल्याने आधी तिला उचलून घेतलं, मग मला हात दिला, आणि मग काठ येईपर्यंत आम्हा दोघींची खरडपट्टी काढली. आम्ही मान खाली घालून ऐकून घेतलं. अम्मी होडीत इंजिनाच्या शेजारी बसली होती.

काठावर आल्यावर संशोधक बाई माझ्यावर रागावल्या, आणि ते बरोबरच होतं. त्या ओळीची मोजणी वाया गेली होती, शिवाय मुलांना एकटं सोडून मी पाण्यात उतरले होते. जळकोटची मुलगी रडत होती. अम्मीने आपले ओले हात तिच्या डोक्यावर ठेवले. दुसऱ्या दिवशी ती ओळ पुन्हा घ्यायची ठरली. "अम्मींना होडीत बसवा," बाई म्हणाल्या, "म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको." दुसऱ्या दिवशी होडीवाला चौकटी आणि माणसं इकडून तिकडे पोचवत राहिला, आणि अम्मी सगळी सकाळ त्या खडखडणाऱ्या इंजिनाजवळ बसून राहिली. तिने जागा बदलली नाही. मधेच मी पाहिलं तर ती बसल्या बसल्या पेंगत होती.

नांदेडला परतल्यावर मी भावाला सगळं सांगितलं. त्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या आणला होता, तो तसाच हातात धरून ती ऐकत राहिली. भाऊ फाटकाकडे बघत होता. मग म्हणाला, "आपा, मलापण जाग येते. मी उठून बाहेर येऊन उभा राहतो. मला वाटायचं मला एकट्यालाच होऊन राहिलं हे." तो उठला, फाटकाचं कुलूप काढलं आणि दुकानात घेऊन गेला.

पुढे काय करायचं ते अम्मीनेच ठरवलं. देवणीला तिच्या भावाच्या घराला लागून पिठाची गिरणी आहे. ती चार दिवसांसाठी म्हणून गेली आणि राहिली. गिरणी सकाळी सुरू होते ती संध्याकाळी थांबते. मधे दळायला आलेल्या बायकांची ये-जा असते. मामू सांगतो, ती गिरणीच्या भिंतीला पाठ लावून बसते, तांदूळ निवडते, दुपारी झोपतेसुद्धा. रमजानला नांदेडला येते, थोडे दिवस राहते आणि जीव घाबरायला लागला की परत जाते. पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही. वीज गेली आणि गिरणी बंद पडली की ती अजून रस्त्यावर येऊन उभी राहते. मला फोन करते तेव्हा मागे गिरणीचा घरघराट असतो आणि ती त्याच्यावर आवाज चढवून बोलते. मला निम्मं कळत नाही. मी हो हो म्हणते.

मी समुद्रगवतावर संशोधनासाठी नाव नोंदवलं. इतक्या उशिरा कशाला, असं विभागात काहींनी विचारलं. घरात आता जास्त मोकळा वेळ आहे आणि तो मला खायला उठतो, हे एक कारण. पण तेवढंच नाही.

पावसाळा झाल्यावर मी एकटीच खाडीवर गेले. त्या वर्षी पाऊस फार झाला होता. आम्ही मोजलेल्या जागेवर एक पान नव्हतं. नवा, मऊ गाळ हातभर बसला होता आणि त्यावर फक्त खेकड्यांची भोकं होती. मी ओहोटीच्या पूर्ण वेळात त्या मैदानावरून फिरले, वाकून, चष्मा पुसत. काही नाही. संध्याकाळी संशोधक बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, पावसात हे गवत कधी कधी नाहीसं होतं, बी गाळात राहतं, पुन्हा कुठे उगवेल सांगता येत नाही. आजूबाजूला बघत राहा. त्या हे इतक्या सहज बोलल्या की मला रागच आला.

पुढच्या दोन ओहोट्या मी तशीच फिरले. होडीवाला मला ओळखायला लागला होता. लांबूनच हात करायचा, नाही मिळालं ना, असं. माझ्याकडे परतीच्या बसचं तिकीट होतं. मी ते रद्द केलं, कॉलेजला रजा वाढवून मागितली, आणि कांदळवनाच्या आतल्या बाजूला, जिथे आम्ही गेल्या वेळी बघितलंच नव्हतं, तिथे शिरले. मुळांच्या टोकदार खुंट्यांमधून पाय जपून टाकावे लागत होते. तिथे एका छोट्या वळणात, चादर पसरावी एवढ्या जागेत, ते गवत होतं. नखाएवढी पानं, कोवळी, अजून नीट हिरवीही न झालेली.

मी चौकट काढली आणि चिखलात गुडघे टेकले. पहिल्या चौकटीत पानं विरळ होती, दुसरीत त्याहून जास्त. फोटो पुसट आला, म्हणून पुन्हा काढला. तिसरी चौकट ठेवेपर्यंत खुंट्यांच्या बुडाशी पाणी चढायला लागलं. मी जागा मोबाइलवर नोंदवली, चौकट खांद्याला अडकवली आणि निघाले. काठावर येताना माझं लक्ष पायांखाली नव्हतं. खाडीच्या वरच्या अंगाला आणखी दोन वळणं दिसत होती आणि तिथे अजून मी गेले नव्हते.